हाकाऱ्याची पाटी

साहेबरावांना गावात साहेबराव म्हणणारे दोघंच होते. एक त्यांची आई आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळं गाव त्यांना डुकऱ्या म्हणायचं. मीही म्हणायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी कुठंही शहाणा ठरत नाही. वयानं ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पण त्यांना अहोजाहो करायला मला माझी साठी उलटावी लागली.

आमचं गाव अंबडजवळ. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष चाललं होतं तेव्हा गावच्या पाटलांनी एकदा शिकार काढली. हाका घालायला वस्तीवरची बारा माणसं नेली. हाका म्हणजे डबे आणि हलगी वाजवत, ओरडत रान तुडवायचं आणि जनावर बंदुकीपुढं काढायचं. बंदूकवाले एका टोकाला बसलेले, हाकारे दुसऱ्या टोकाकडून त्यांच्याच दिशेनं चालत येणार. त्या बारांत साहेबरावांचे वडील होते, रखमाजी. संध्याकाळी त्यांना बैलगाडीत पालथं घालून आणलं. पाठ फाटली होती. पाटलांनी सांगितलं, रानडुक्कर अंगावर आलं, हा पाठ फिरवून पळाला, डुकरानं पाठीत सुळा घातला. ते डुक्करही त्याच दिवशी मारलं होतं, म्हणजे पुरावा तयारच होता.

रखमाजीची बायको गोजरबाई तेव्हा सहा महिन्यांची पोटुशी होती. मयताला आंघोळ तिनं घातली. ती मरेपर्यंत एकच सांगत राहिली, की छातीवर पुढून चिंचोक्याएवढं भोक होतं. लोक म्हणायचे, दुःखानं बाईचं डोकं फिरलं. चिंचोक्याएवढ्या भोकाकडं कोण लक्ष देणार, पाठीतलं एवढं मोठं दिसत असताना?

तीन महिन्यांनी पोरगा झाला. तिनं नाव ठेवलं साहेबराव, गावानं ठेवलं डुकऱ्या. डुकरापुढून पळालेल्याचं पोरगं, म्हणून. पोरगा नऊ वर्षांचा असताना वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. घरातले देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं, जोहार घालायचं सोडलं. साहेबरावांचं नाव मात्र सुटलं नाही. शाळेत मास्तर हजेरीत साहेबराव म्हणायचे तेव्हा वर्ग हसायचा.

पुढं ते जालन्याला एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये लागले. लाल झालेलं लोखंड चिमट्यात धरून रोलरात घालायचं काम. तिथं कुणी ओळखत नव्हतं. आठ महिने त्यांना सगळे साहेबराव म्हणत होते, आणि ते आठ महिने त्यांच्या आयुष्यातले बरे होते, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. मग आमच्याच गावचा भुजंग त्या मिलमध्ये लागला. आठवड्याभरात सगळी पाळी डुकऱ्या म्हणायला लागली. मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत छापखान्यावाल्यानं ‘साहेबराव उर्फ डुकऱ्या’ असं छापून दिलं. लोकांना कळायला सोपं जावं म्हणून केलं, म्हणाला. दोनशे पत्रिकांवरचं ते नाव साहेबरावांनी स्वतः बसून, निळ्या पेनानं, एकेक करून खोडलं. खोडलेलं जास्त वाचलं जातं हे त्यांच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल.

भट्टीपुढं तीस वर्षं उभं राहून डोळे अधू झाले, नंतर गेलेच. मिल सुटली. ते घरापुढच्या बाजेवर बसून राहायचे. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे. मी जवळून गेलो की म्हणायचे, "गुरुजी, चालले का?" मी शाळेतून निवृत्त झालेलो, मला जायला कुठंच नसायचं.

दोन वर्षांपूर्वी पाटलांच्या नातवानं, कल्याणनं, रस्त्याला लागून फार्महाऊस बांधलं. बियाण्यांच्या धंद्यात त्याचं चांगलं चाललंय. माणूस वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो. त्यानं आजोबांच्या शिकारीतली शिंगं आणि कवट्या ट्रंकांतून बाहेर काढल्या. वनखात्याकडं नोंद केलेले कागद होतेच. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत त्यांना द्यायची असं त्यानं ठरवलं. प्रत्येकाखाली स्टीलची पाटी हवी होती, आणि मजकूर लिहायला गावात मराठीचा मास्तर एकच. मला मोठं बरं वाटलं. निवृत्त मास्तराला कुणी दोन ओळी लिहायला सांगितल्या तरी तो पाघळतो.

लावण्याचं काम संघपालला दिलं. संघपाल साहेबरावांचा मुलगा, पन्नाशीचा, पंचक्रोशीतला एक नंबरचा सुतार. मला नवल वाटलं. विचारलं, "तू हे काम कसं घेतलंस?"

"काम हाय, गुरुजी," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आन् ते डुक्कर एकदा पाह्यचंय मला."

त्याची पद्धत मी पाहत बसायचो. आधी भिंतीएवढी जागा फरशीवर खडूनं आखली आणि सगळी शिंगं त्यात मांडून पाहिली. काळविटांची जिन्याच्या बाजूनं, चढत्या क्रमानं. सांबराची जड, ती खाली आणि माणसाच्या डोक्याला लागणार नाहीत अशी. कवटीला समोरून खिळा मारायचा नाही, सागवानी पाट घ्यायचा आणि मागून स्क्रू द्यायचा. भिंतीत स्क्रू धरायला लाकडी गट्ट्या ठोकायच्या. ऊन पडतं त्या कोपऱ्यात काही लावायचं नाही. ओल्या फडक्यानं पुसायचं, तेल लावायचं नाही. कल्याणची एकच अट होती, रानडुकराची कवटी बरोबर मधोमध. पाहुण्यांना गोष्ट सांगायला तीच.

पाट्या आधी पाटांना बसवायच्या होत्या. डुकराची पाटी संघपालनं हातात घेतली आणि वाचली. मजकूर असा होता: ‘माणूसमारू रानडुक्कर. पळणाऱ्या हाकाऱ्याच्या पाठीत सुळा घालून त्याचा प्राण घेतला.’ कल्याणनं मला फक्त ‘एका हाकाऱ्याला मारलं’ एवढंच सांगितलं होतं. ‘पळणाऱ्या’ हा शब्द माझा. वाक्याला जरा उठाव यावा म्हणून घातला होता. संघपालनं वाचताना त्या शब्दापाशी एकदा थांबून पाहिलं, माझ्याकडं नाही, पाटीकडंच, आणि चार स्क्रू पिळून पाटी बसवून टाकली.

मग कवटी पुसायला घेतली. जबडा तारेनं बांधलेला, खालचे दोन सुळे बोटभर लांब, पिवळे, बाकदार. फडक्याला पिवळा रंग लागला. संघपालनं सुळ्यावर नख ओढलं. मग पुन्हा एकदा ओढलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "ह्ये लाकूड हाय."

मी जवळ गेलो.

"पांगारा. रेषा बघा." त्यानं सुळा हलवला तसा तो निघूनच आला. खाली गिरमिटानं पाडलेलं गोल भोक होतं. "आन् ह्ये वरचे बघा. नखाएवढे, खाली वळलेले. नराचे वर वळत्यात. ही डुकरीण हाय, गुरुजी. हिला सुळेच न्हाईत."

रानडुकरं आमच्याकडं इतकी झालीत की नर-मादी शेतातलं पोरगंही ओळखेल. मला ओळखता आलं नव्हतं, कारण मी पाटी लिहीत होतो.

कल्याणला बोलावलं. त्यानं सुळा हातात घेऊन उलटासुलटा केला. त्याला खरंच माहीत नव्हतं, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मग म्हणाला, "जुना तुटला असंल, आजोबांनी नवा बसवून घेतला असंल."

"मादीला कुठून तुटंल?" संघपाल म्हणाला.

कल्याणनं सुळा त्याच्या हातात परत दिला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "पंच्याहत्तर वर्षं झाली, गुरुजी. सगळे मरून गेले. आता उकरून कुणाला काय मिळणाराय? संघपालभाऊ, सुळे बसवून टाका. शनिवारी पाहुणे येऊन राह्यले." आणि त्याला फोन आला तसा तो बाहेर गेला.

मी तिथं काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो नाही. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मला चिंता होती ती पाटी नव्यानं लिहून करून घ्यावी लागेल, याची.

संघपालनं दुसरा सुळाही काढला, दोन्ही खिशात टाकले आणि ती बिनसुळ्याची डुकरीण मधोमध, जशी होती तशी, भिंतीवर घट्ट बसवली. मग मला म्हणाला, "चला, घरी सोडतो." आम्ही त्याच्या मोटरसायकलवरून आलो, पण त्यानं गाडी माझ्या घरी नाही, त्याच्या घरी थांबवली.

साहेबराव बाजेवर होते. सून बेबीनंदा त्यांना चहा देत होती. संघपालनं त्यांच्या हातात ते दोन सुळे ठेवले आणि सगळं सांगितलं, दोन-चार वाक्यांत. साहेबरावांनी सुळ्यांवरून अंगठा फिरवला. वास घेतला. एक दाताखाली धरून पाहिला.

"लाकूड," ते म्हणाले.

"हां."

"सुळा नव्हताच."

"नव्हता. आजी बराबर बोलत व्हती. गोळी पुढून गेल्ती, पाठ फाडून निघाली."

साहेबरावांनी दोन्ही सुळे एकमेकांवर वाजवून पाहिले. बेबीनंदा पदरानं डोळे पुसत आत गेली.

"म्हंजी छाती पुढं व्हती," ते म्हणाले. "पळाला न्हाई."

"न्हाई पळाला, बाबा."

"मंग मला काऊन म्हणत व्हते?"

संघपाल खाली पाहत होता, मीही. तेवढ्यात साहेबरावांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. "गुरुजी, पाटी तुमी लिहिली म्हणं. काय लिहिलं?"

संघपाल माझ्याकडं पाहत होता. मी म्हणालो, "माणूसमारू रानडुक्कर. एका हाकाऱ्याचा प्राण घेतला."

"पळाल्याचं न्हाई लिहिलं?"

"नाही."

साहेबरावांनी हात चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. "बरं केलं, गुरुजी. लिखाणात तेवढं तरी नको व्हतं."

संघपालनं पाटीचा विषय न काढता मला घरी सोडलं.

त्यानंतर अकराव्या दिवशी साहेबराव गेले. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला: ‘डुकऱ्याबाबा यांचे दुःखद निधन’. खाली हात जोडल्याची चित्रं. मीही एक टाकलं, आणि मग काढून घेतलं.

महिन्यानं मी फार्महाऊसवर गेलो. कल्याणनं जालन्याहून माणूस आणून नवे सुळे बसवून घेतले होते, आता फायबरचे, जास्त लांब. खाली माझी पाटी चकचकत होती. एक बाई पोराला ती मोठ्यानं वाचून दाखवत होती. मी कल्याणला म्हणालो, पाटी बदलायला हवी. तो म्हणाला, बघू गुरुजी. मला माहीत आहे, तो बघणार नाही.

तिथून सरळ संघपालकडं गेलो. म्हणालो, "तू बसवलीस, तूच काढ ती. मी कल्याणला सांगतो काय सांगायचं ते."

तो रंधा मारत होता. थांबला. पेटीतून पेचकस काढून माझ्या हातात दिला. "चार स्क्रू हायत," तो म्हणाला. "तुमी लिहिली, तुमीच काढा." आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

याला आता दीड वर्ष होईल. पाटी तिथंच आहे. पेचकस माझ्या टेबलाच्या खणात आहे.