शरयूमावशींचा क्रोक

दि. ८ मार्च २०२५. अमेरिकेतल्या ट्रॉय शहराजवळच्या एका गावाच्या वाचनालयाने मराठी पुस्तकांचा कोपरा बंद करण्याचे ठरवले, याची ही नोंद.

तो कोपरा शरयू देवस्थळी यांनी उभा केला. पती निवर्तल्यावर घर खायला उठे, म्हणून त्या रोज तिथे जाऊन बसत. नॉर्वेहून आलेल्या घराण्यातली तेव्हाची ग्रंथपाल इंग्रिड हिने त्या जागेला ‘क्रोक’ हे नाव दिले. या शब्दाचा जुना अर्थ अडकवायचा आकडा. त्यावरून वाकलेले ते सारे, आणि मग दोन भिंती मिळतात ती जागा, असे तिने समजावले. मावशींनी हात दुमडून दाखवला. “आमच्या मराठीतही कोपर वाकलं की कोपरा होतो, बाई!” दोघी मनापासून हसल्या.

इंग्रिड निवृत्त होऊन मुलाकडे गेली. दानशूर मराठी कुटुंबे मात्र येत राहिली, आईवडिलांच्या पुस्तकांची खोकी घेऊन.

“मावशी, गराज क्लीन करतोय. हे डोनेट करायचंय,” खोके टेबलावर ठेवत तरुण देवांग म्हणाला.

“एखादं घेऊन जा की.”

“टाइम कुठाय, यार... सॉरी, मावशी!”

नवा ग्रंथपाल सौम्यपणे म्हणाला, की इथून कोणीच पुस्तक नेत नाही. मग कोपरा ठेवायचा कशासाठी?  बसायला दुसरी जागा मावशींना ठाऊक नव्हती.

एप्रिलअखेर फळ्या निघतील. वाचकहो, खोकी आणू नका. येत्या शनिवारी या, एक पुस्तक स्वतःच्या नावावर घ्या आणि घरी नेऊन वाचा.