फरक वयाचा नाही, चड्डीचा!

हसायचं असेल तर आधी हातातला चहा संपवून घ्या. नंतर ठसका लागला तर मी जबाबदार नाही! पोहण्यात माझा जो पोपट झाला, तसा अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात कुणाचा झाला नसेल.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. पोहणं मला येतं. येतं म्हणजे काय, पाठीला वाळका भोपळा बांधून लहानपणी विहिरीत ढकललेला माणूस मी! पुढे सिद्धेश्वर धरणावर नोकरी लागली आणि दर रविवारी पाण्यात उतरायचा नेमच झाला. सोबतीला ऑफिसातला राठोड. जवळच्याच तांड्यावरचा, माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, आणि दर रविवारी माझ्या हातभर पुढे.

मी पंचावन्नीला टेकलो तसं ते हातभर अंतर बाजेएवढं झालं. तेव्हा राठोड भर ऑफिसात म्हणाला, "सायेब, आता वय झालं तुमचं. काठाकाठानं पोहत जा."

काठाकाठानं! मी? सगळे फायलींआड तोंड लपवून हसले. मी टेबलावर हात आपटला. "फरक वयाचा नाही राठोड, चड्डीचा आहे! माझी चड्डी पाण्यात फुगते!"

उगाच नव्हतो बोललो. त्या दिवसांत टीव्हीवर पोहणारे गळ्यापासून घोट्यापर्यंत घट्ट पोशाख घालून विक्रमावर विक्रम मोडत होते. पुढे ते पोशाख बंदच केले म्हणे. म्हणजे विचार करा, कपड्यात किती ताकद असेल! आणि नेमक्या त्याच वर्षी शेजारच्या जिल्ह्यात मास्टर्सच्या, म्हणजे आमच्यासारख्या पिकल्या पानांच्या, शर्यती निघाल्या. पाण्यात सगळे एकत्र, बक्षिसं मात्र वयाच्या गटाप्रमाणे. आम्ही दोघांनी जायचं ठरवलं. जिंकलो तर ऑफिसात नाक वर, नाहीतर रिटायर होईपर्यंत काठाकाठानं!

पण तसला पोशाख हिंगोलीत मिळणार कुठे? मी डोकं चालवलं. छत्रीवरून पाणी कसं सुळकन घसरतं? मग छत्रीचंच कापड अंगाला लावलं तर? बाजारातल्या हनीफभाई टेलरला कल्पना सांगितली. तो तर माझ्याहून खूश!

"बराबर है साहब! ऐसी फिटिंग देता, के पानी को पताच नै चलता आप कब आए, कब गए!"

गळ्याला सैल, घोट्याला करकचून इलास्टिक, रंग काळाभोर. घालून आरशासमोर उभा राहिलो तर बायको म्हणाली, "अगंबाई! आणि उघडायची दांडी कुठंय?"

मी तिकडे साफ दुर्लक्ष केलं. उलट केसांना कलपही लावून टाकला. पंचविशीतला दिसायला लागलो, खोटं नाही सांगत.

शर्यतीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काका, वय?"

मी छाती फुगवली. "वयाचं काय घेऊन बसलात मॅडम? टायमिंग बघा टायमिंग!"

मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. बाई हसल्या आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं.

डोक्याला रबरी टोपी सक्तीची होती, त्यामुळे कलप झाकला गेला. माझ्या एका बाजूला राठोड, त्याच त्या पट्ट्यापट्ट्याच्या नाडीवाल्या चड्डीत. दुसऱ्या बाजूला एक आजोबा, काठावर उभं राहतानाही लटपटणारे. मला दया आली. म्हटलं, "सांभाळून हं!"

शिट्टी झाली. मी उडी मारली आणि गळ्यातून पाणी आत शिरलं. शिरलं ते शिरलं, बाहेर पडायला वाटच नाही! खाली हनीफभाईचं इलास्टिक! दोन्ही पायांच्या विहिरीवरच्या मोटा झाल्या. हात मारतोय, पाय झाडतोय, पण जागचा हलेन तर शपथ! राठोड गेला. बाकीचे गेले. मग ते आजोबा गेले आणि जाता जाता म्हणाले, "सांभाळून हं!"

मी पलीकडे पोचलो तेव्हा लोक चहाला गेले होते. राठोड तेवढा काठावर बसून होता. त्यानं मला ओढून वर घेतलं, घोट्यांचं इलास्टिक ताणलं आणि भसाभसा पाणी वाहून गेलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाला, "सायेब, तुमचंच बराबर व्हतं. फरक चड्डीचाच हाये."

तो पोशाख अंगावरून सोलून काढेपर्यंत बक्षीस समारंभ सुरूही झाला. टोपी काढून, केस विंचरून बाहेर येतो तर काय, माइकवर माझं नाव! "दुसरा क्रमांक!"

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणूस शंका घेत बसतो का? म्हटलं, आपल्याही मागून कुणीतरी आलं असेल. ताठ मानेनं जाऊन उभा राहिलो, गळ्यात पदक पडलं, आणि राठोडकडे असं बघितलं, की बघ म्हटलं आता!

पहिल्या क्रमांकावर तेच आजोबा होते. ते माझ्या डोक्याकडे टक लावून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "या वयातबी केस एवढे काळे? तेल कोन्तं लावून राहिले हो तुमी?"

"या वयात म्हणजे?"

"काहून? पंचाहत्तरीच्या वरचा हाये न्हाई का आपला गट!"

मी तसाच पदकासकट टेबलाकडे पळालो. "मॅडम, गट चुकला! मी पंचावन्नचा आहे हो!"

बाईंनी चष्म्यावरून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पण काका, वय तुम्ही सांगितलंच नाहीत. तुम्हीच म्हणालात, टायमिंग बघा. मग आम्ही टायमिंग बघितलं!"