कूलर उन्हाने खपत नाही

पत्र अक्कांच्या हातात होतं आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

अमळनेरातल्या त्यांच्या दुकानात आमच्या कंपनीचे कूलर विकले जातात. नवरा गेल्यावर अक्कांनी ही एजन्सी एकटीने सांभाळली, तिच्यावरच घर चालवलं. मी जळगावचा एरिया सेल्स मॅनेजर. तालुक्या-तालुक्यांचा फोरकास्ट, म्हणजे पुढे किती माल खपेल याचा अंदाज, दरमहा पुण्याला पाठवायचा, हे माझं काम. त्या वर्षी अक्कांची एप्रिलची विक्री आधीच्या वर्षीच्या एप्रिलच्या निम्म्यावरही आली नाही. ॲग्रीमेंटमध्ये अट होती: विक्री इतकी घसरली, तर कंपनी एजन्सी दुसऱ्याला देऊ शकते. पुण्याहून तसं पत्र निघालं आणि ते नेऊन द्यायची पाळी माझ्यावर आली.

“मनं काय चुकनं, साहेब?” अक्कांनी विचारलं.

तेवढ्यात सुरतेहून त्यांच्या लेकीचा फोन आला. अक्का आवाज सावरून तिला जावयासकट बोलवायला लागल्या, “आखाजीले येजो, बेटा. जावाईबुवाले बी लई ये. पुढला आठवडामा तर शे.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात दिवाळीच्या तोडीचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, मागोमाग जावई येतो. आमच्या उन्हात जावयाला नुसत्या पंख्याखाली बसवायची कुणाची छाती होत नाही. कूलर घ्यायचा तो त्याआधी. गेल्या वर्षी आखाजी एप्रिलमध्ये होती. मग अधिक महिना आला आणि यंदा ती मेमध्ये सरकली.

मी पत्र परत मागून घेतलं आणि दुकानातूनच पुण्यातल्या बॉसना, देसाई सरांना, फोन लावला.

“सर, अक्कांची विक्री घसरलेली नाही. अजून व्हायची आहे.”

“ऊन तर गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे. मग लोक थांबलेत कशाला?”

“आमच्याकडे कूलर उन्हाने खपत नाही, सर. जावयाने खपतो.”

“हे मी रिपोर्टमध्ये लिहू?”

“लिहा. खाली माझं नाव टाका.”

“एप्रिल-मे मिळून गेल्या वर्षाइतकं झालं नाही, तर पत्र पुन्हा निघेल. आणि तुमचं प्रमोशन विसरा.”

धाकधूक मलाही होती. पण आखाजीच्या आधीच अक्कांचं गोडाऊन रिकामं झालं. दोन्ही महिने मिळून विक्री थोडी जास्तच भरली. देसाई सरांनी अक्कांचं कौतुक केलं आणि खूश होऊन पुढच्या मेचं टार्गेट या मेवरून वाढवून ठेवलं.

पुढच्या वर्षी आखाजी पुन्हा एप्रिलमध्ये, म्हणजे माल एप्रिलमध्येच खपणार आणि मे रिकामा जाणार. तसा मेल मी आधीच टाकला होता. ‘नोटेड’ असं उत्तरही आलं होतं. जूनमध्ये अक्कांच्या नावाचं तेच पत्र माझ्या टेबलावर. या वेळी मला राग आला. पत्र अमळनेरला न नेता मी पुण्याला नेलं, सोबत पंचांग.

“सर, आकडा खरा आहे. तो कशाशी ताडून बघितला, ते चुकलंय.”

देसाई सरांनी पानं उलटली आणि पंचांग ठेवून घेतलं. पत्र फाडलं.

आता आमच्या फोरकास्टच्या शीटमध्ये तापमानाच्या शेजारी आणखी एक कॉलम आहे. त्याचं हेडिंग ‘जावई’. पुण्यातल्या नव्या पोरांना तो कंपनीचा काहीतरी कोड वाटतो. दरवर्षी तो मी भरतो, आणि भरण्याआधी अक्कांना फोन करून विचारतो, यंदा लेक कधी येतेय.