लॉबीतला सोफा

आखातातल्या अबू हलीफातली आमची इमारत माणसांना एकमेकांपासून वाचवण्यासाठीच बांधली असावी. तळघरात गाडी लावायची, तिथूनच लिफ्टनं वर जायचं, घरात शिरून एसी लावायचा. दारंही अशी तिरकी बसवलेली, की समोरच्याचं घर चुकूनही दिसू नये. या सोयीचं मला फार कौतुक होतं.

मग आई तीन महिन्यांसाठी आली आणि आठव्या दिवशी म्हणाली, "माझं परतीचं तिकीट बदल बाबा. दिवसभर भिंतींशी किती बोलू?" इतक्या हौसेनं आणलं होतं तिला! मी चिडलो, पण आतून वाईटच जास्त वाटलं. "शुक्रवारी सुट्टी आहे, तेव्हा बदलू," म्हणालो.

आईचं आणि लिफ्टचं कधीच जमलं नाही. ती जिन्यानं उतरून भाजी आणायची आणि तीन मजले चढण्याआधी लॉबीतल्या सोफ्यावर दम खायची. सोफा निव्वळ शोभेचा, वरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं. तिकिटाचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं ते काढलं आणि तिथेच गवार मोडायला घेतली. तिची रीत अशी, की शेजारी बसणाऱ्यानं हातात शेंगा घ्यायच्या. मुलांना स्कूलबसवरून आणायला उतरलेल्या बायका थांबू लागल्या. इमारतीचा इजिप्शियन रखवालदार पहिल्या दिवशी हटकायला आला आणि दुसऱ्या दिवशी तोही शिरा काढत बसला. हे सगळं मला नंतर कळलं. संध्याकाळी आई सांगू लागली की मी मोबाइल बघत 'हं' म्हणायचो.

गुरुवारी तिला समुद्रावर न्यावं म्हणून ऑफिसातून लवकर आलो, तर दाराला कुलूप. आईला फोन लावला, तर तो आतच वाजत होता. धावत लॉबीत गेलो. रखवालदारानं हसत चार बोटं दाखवली.

चौथ्या मजल्यावर एक दार सताड उघडं होतं आणि आत बायकांचा नुसता कल्ला. बोलण्यावरून रत्नागिरीकडच्या वाटणाऱ्या एक बाई पुढे आल्या.

"कोण पाहिजे?"

"माझी आई..."

"अच्छा, आजींचा मुलगा! या ना, या."

आतून आई ओरडली, "अरे, ते तिकीट राहू दे हं!" मला हायसं वाटलं.

"नवीनच आलात वाटतं इथे?" बाईंनी आपुलकीनं विचारलं.

सहा वर्षं त्यांच्या अगदी खालच्याच घरात राहणारा मी "हो, आत्ताच" म्हणालो आणि बूट काढले.