भाऊजींची काळी गाडी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातात. कचेरीत हेडक्लार्क, राहणी टापटीप, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मते देवमाणूस. देवमाणूस म्हणे! या माणसात होती नव्हती तेवढी माया त्या काळ्या गाडीच्या पत्र्याने खाल्ली.

सुट्टीच्या सकाळी गाडी सावलीत घ्यायची. रंगाला लागू नये म्हणून घड्याळ आणि अंगठी काढून ताईच्या हातात द्यायची. आधी नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे वाळूचे कण वाहून जातात. साबणाची बादली वेगळी, फडकं खळबळायची वेगळी. टपापासून खाली यायचं आणि चाकांचं फडकं चुकूनही वर लावायचं नाही. पुसताना घासायचं तर मुळीच नाही. मऊ टॉवेल अलगद टेकवून पाणी टिपून घ्यायचं. "एकदा ओरखडा पडला की जन्मभर दिसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

ते मात्र खरं आहे. ताईच्या डाव्या डोळ्याखाली तो दिसतो. कपाटाचं दार लागलं, असं ती सगळ्यांना सांगते. अंगठी लागली, हे तिने गेल्या महिन्यात फक्त मला सांगितलं. म्हणून परवा सुट्टीच्या सकाळी मी तिला न्यायला गेले. बॅग भरून दारात ठेवली, पण ताईचा पाय काही निघेना.

शेवटी मीच अंगणात जाऊन म्हटलं, "भाऊजी, ताईला मी घेऊन चाललेय."

"आधी गाडी पुसून होऊ दे," ते टपावरची नजर न काढता म्हणाले. "आणि तू आमच्यात लुडबुडू नकोस."

ताई एका हातात त्यांचं घड्याळ-अंगठी आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन उभी होती. टॉवेल निसटून खाली पडला. तिने तो उचलला, झटकला आणि बॉनेटवर टेकवला.

"खाली पडलेला? अक्कल गहाण टाकलीस का? माती लागलीय त्याला!" हात उगारून ते तिच्या अंगावर धावले. मी मध्ये पडणार, एवढ्यात ताई बोलली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"थांबा. आधी अंगठी घाला." तिने तळहात पुढे केला. "गाडीला हात लावताना काढता. मला मारताना कधी काढली नाहीत."

समोरच्या जिन्यावरून उतरणारी माणसं थबकली. भाऊजींचा ओला हात तसाच वर राहिला. अंगठी त्यांनी घेतली नाही, तेव्हा ताईने ती बॉनेटवर ठेवली आणि चालायला लागली.

"अगं, तिथे नको! ओरखडा पडेल!"

बॅग उचलून मी तिच्यामागे फाटकाशी गेले आणि तेवढं एकदाच वळून पाहिलं. भाऊजी अंगठी चिमटीत धरून सरळ वर उचलत होते, जराही न घासता. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही.