कमोडशेजारचा पॉइंट

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. आमचं गाव कोकणात, त्यामुळे असले किस्से ढिगाने ऐकलेत, आणि एकावरही विश्वास ठेवला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच चमत्कारिक वाटतंय... पण लिहिते.

मुलुंड पूर्वेला जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. आई आणि मी राहतो. बाथरूम-टॉयलेट एकत्र आहे, इतकं लहान की दोन माणसं आत उभी राहणार नाहीत. स्विचबोर्ड बाहेर, दाराला लागून.

बाबांना करंटची भयंकर धास्ती. कोणी आंघोळीला गेलं की ते स्वतः गिझर बंद करायचे, मग बोटाच्या पेराने दारावर टकटक. "बंद केला, जा पाण्यात!" ती टकटक झाल्याशिवाय आमच्या घरात कोणी अंगावर पाणी घेतलं नाही. बाथरूममध्ये प्लग तर नाहीच. म्हणायचे, "बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे पॉइंट नको. ओला हात आधी तिकडेच जातो."

बाबा गेले. त्यानंतर आईच्या उजव्या हातातली ताकद गेली – जेट स्प्रेसुद्धा दाबता येईना. म्हणून कमोडवर बसवायची, गरम पाण्याने आपोआप धुणारी इलेक्ट्रिक सीट आणली. सीटची वायर आखूड. वायरमन म्हणाला, "मॅडम, इधरीच बैठेगा," आणि कमोडच्या अगदी बाजूला, आईच्या आधाराच्या स्टीलच्या दांड्याखाली पॉइंट काढला. त्याचा स्विच बाहेर, गिझरच्या शेजारी. बाबांचे शब्द आम्हा दोघींनाही आठवले, पण आईची सोय होत होती.

थोड्याच दिवसांत आतून आईची हाक... "गो, पाणी थंड येता!" बघते तर स्विच बंद. चालू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी वैतागले, "आई, जाताना तूच बंद करतेस!"

"मी कित्याक करू? तुज्या बाबांनी केल्यानी. टकटक आयकाक नाय इली तुका?"

मला वाटलं, झालं, आता डोकंही साथ सोडतंय हिची. मी तिच्यावर ओरडले.

मग एका रविवारी दुपारी मुद्दाम बोर्डासमोर उभी राहिले. आई आत, मी बाहेर. माझ्या डोळ्यांदेखत स्विच खट्कन बंद झाला... कोणीतरी बोटाने दाबावा तसा. आणि समोरच्या बंद दारावर, बाहेरच्या बाजूने, टकटक! दारासमोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आई आतून शांतपणे म्हणाली, "तुजे बाबा इले बघ."

दुसऱ्याच दिवशी मी वेगळा इलेक्ट्रिशियन बोलावला. भूत म्हणाले नाही, स्विच खराब आहे म्हटलं. स्विच ठणठणीत निघाला. त्याने आतल्या पॉइंटची प्लेट उघडली, तर मागे पाणी झिरपलेलं, जोड हिरवा पडलेला, अर्थिंगचा पत्ता नाही. स्विच चालू करून दांड्याला टेस्टर लावला... टेस्टर पेटला, म्हणजे दांड्यात करंट उतरलेला. आई रोज तोच दांडा धरून उठते. आणि मी परत चालू केला तरी ती उठायच्या आधी रोज स्विच बंद झालेला असायचा.

पॉइंट काढून टाकला. भिंतीतून भोक पाडून वायर बाहेर घेतली, करंट गळला की लगेच वीज तोडणारा ईएलसीबी बसवला. स्विच मात्र जुनाच आहे. तो त्यानंतर एकदाही आपोआप बंद झालेला नाही. तो का बंद व्हायचा, टकटक कोण करायचं, मला आजही सांगता येत नाही.

मला हायसं वाटलं. आईला नाही. ती आता आत खूप वेळ बसते. परवा म्हणाली, "सगळा नीट करून ठेवलंस. आता ते कित्याक येतले?" मग खालच्या आवाजात, "तो पॉइंट होतो थयच परत बसव गो."

मी नाही बसवणार. कशी बसवू? पण फार वाईट वाटतं. आई आत असते, मी दाराबाहेर उभी असते... वाटतं, आपणच करावी टकटक. हात वर जातो आणि तसाच खाली येतो. माझी टकटक ती लगेच ओळखेल.