आठ नसलेली संख्या

एकदा डोक्यात चीड बसली की तिच्याभोवती किस्से आपोआप जमत जातात. माझी चीड एका आठावर आहे. धरमपेठेतल्या शाळेत मी सोळा वर्षं गणित शिकवलं आणि त्यातली निम्मी या आठाशी भांडण्यात गेली.

संख्या साधी आहे: १२३४५६७९. तिच्यात आठ नाही. नऊने गुणा, ओळीने नऊ एक उभे राहतात. अठराने गुणा, सगळे दोन. त्रेसष्टने गुणा, सगळे सात! आठ घुसला की सगळी मजा खलास. आणि लोकांना आठ घातल्याशिवाय चैन पडत नाही.

*

प्रदर्शनासाठी तक्ता रंगवायला ड्रॉइंगच्या सरांना दिला. त्यांनी सुंदर अक्षरात मध्ये आठ काढला. वर मलाच सांगतात, "मधात जागा मोकळी दिसून राहिली होती गा!"

जागा मोकळी! मी तक्त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं.

*

हेडमास्तर राउंडवर आले. फळ्यावरची संख्या पाहिली, खडू उचलला, पोरांसमोर आठ घातला आणि मला म्हणाले, "सर, लक्ष कुठं आहे?"

चाळीस पोरं हसली. ते जाईपर्यंत मी तो आठ पुसू शकलो नाही, याचा राग अजून आहे.

*

संस्कृतच्या बाईंनी विचारलं, "आठानं तुमचं काय घोडं मारलं हो?" मी तावातावाने अख्खा गुणाकार करून दाखवला.

बाई म्हणाल्या, "छान! आता आठ घालून दाखवा."

*

नववीतून एकालाच राज्याच्या गणित परीक्षेला पाठवायचं होतं. त्यासाठीची चाचणी मी काढली. पहिलाच प्रश्न, १२३४५६७९ गुणिले ६३. निवडलेलं नाव पाठवून झालं, तेव्हा टायपिस्ट वानखेडे हसत हसत म्हणाले, "सर, पेपरात तुमचा आठ राहून गेला होता. छपाईचं स्टेन्सिल कापताना मी घालून देला!"

मी धावत जाऊन गठ्ठा सोडला. सगळ्या वर्गाने पाठ केलेले नऊ सात लिहिले होते आणि मी डोळे मिटून पूर्ण मार्क दिले होते. उमरेडहून एसटीने येणाऱ्या सुशीलाने मात्र छापलेला गुणाकार खरोखर केला होता: ७७७७७७७७०७. अचूक! त्यावर माझ्याच हाताची लाल फुली. त्या फुलीने तिचा पहिला नंबर गेला होता.

हेडमास्तर म्हणाले, "एका आठासाठी नाव बदलत नसतात." मी टेबलावर हात आपटला, ओरडलो. काही उपयोग झाला नाही.

तोच राग घेऊन मी सुशीलावर घसरलो. "पेपरात आठ दिसला होता ना तुला? मग हात वर करून विचारलं काहून नाही?"

ती खाली पाहत म्हणाली, "इचारलं होतं जी. तुमीच त म्हनलं, छापलं हाये तसंच कर."